मोठा फलंदाज कुठे सही करणार, याच्याशी आम्हा कामगारांना काय?



बेसबॉल हा आपल्या मातीतला खेळ नव्हे. आपल्या रेल्वे कॉलनीच्या मैदानावर क्रिकेट, कबड्डी आणि फार तर व्हॉलीबॉल चालतो. तरीही बेसबॉलवर लिहायचे आम्ही ठरवले, कारण गेल्या काही वर्षांत दर हिवाळ्यात अमेरिकेतून एक ठराविक बातमी येते आणि आपल्याकडची वृत्तपत्रेही ती आकड्यापुरती छापतात. अमुक दणकेबाज फलंदाज करारातून मोकळा झाला, तो आता कुठल्या क्लबात जाणार, किती कोटी डॉलर घेणार, वगैरे. डिसेंबर २०२४ मध्ये ह्वान सोतो या खेळाडूने न्यूयॉर्क मेट्स या क्लबाशी १५ वर्षांचा ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. तेव्हा आमच्या शाखेतल्या एका तरुण ट्रॅक मेंटेनरने मोबाइल पुढे करून विचारले, "साहेब, हाही युनियनचा मेंबर आहे म्हणतात, खरे का?" खरे आहे. सोतो युनियनचा सभासद आहे आणि वर्गणीही भरतो. त्याच्या हातात तो करार पडला तो नुसत्या त्याच्या बॅटमुळे पडला असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आमचे म्हणणे एवढेच की त्या बातमीत रकमेपेक्षा "तो कुठे जाणार?" या प्रश्नाला जास्त महत्त्व आहे. हा प्रश्न १९७५ पूर्वी अमेरिकेत कोणी विचारत नव्हते, कारण विचारण्यासारखे काही नव्हतेच. खेळाडू कुठे जाणार ते मालक ठरवत असे.

आधी सोतोची हकिगत थोडक्यात सांगतो. हा मुलगा डॉमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन देशातला. वयाच्या १६ व्या वर्षी, २०१५ साली, वॉशिंग्टन नॅशनल्स क्लबाने त्याला करारबद्ध केले. १९ व्या वर्षी तो वरच्या लीगमध्ये आला आणि २०१९ साली क्लबाने वर्ल्ड सिरीज जिंकली त्यात त्याचा मोठा वाटा होता. २०२२ च्या जुलैत क्लबाने त्याच्यापुढे १५ वर्षांसाठी ४४ कोटी डॉलर ठेवले. त्याने नकार दिला. नकाराची बातमी फुटल्यावर सुमारे अडीच आठवड्यांत, २ ऑगस्टला, क्लबाने त्याला सॅन डिएगोला देऊन टाकले. देऊन टाकले हाच शब्द बरोबर आहे, कारण त्याला कोणी विचारले नाही. त्याच्या बदल्यात दुसरे खेळाडू घेतले. डिसेंबर २०२३ मध्ये सॅन डिएगोने त्याला न्यूयॉर्क यँकीजला दिले. तेव्हाही कोणी विचारले नाही. अखेर २०२४ च्या हंगामात यँकीजसाठी ४१ होमरन (आपल्याकडचा षटकारच समजा) मारून आणि वरच्या लीगमधली सहा वर्षांची सेवा पुरी करून तो करारमुक्त झाला. तिकडे याला फ्री एजन्सी म्हणतात.

आता क्लबवाल्यांना त्याच्याकडे यावे लागले. यँकीज, मेट्स, बॉस्टन, टोरांटो, लॉस एंजलिस असे मातब्बर क्लब त्याच्याशी बोलणी करून गेले. यँकीजने १६ वर्षांसाठी ७६ कोटी देऊ केले, मेट्सने १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख. शहर तेच. हिशेब केला तर मेट्सचे वर्षाला ५ कोटी १० लाख पडतात आणि यँकीजचे ४ कोटी ७५ लाख. शिवाय मेट्सने २०२९ चा हंगाम संपल्यावर पटले नाही तर करार सोडण्याची मुभा दिली. घरच्या माणसांना सामना पाहण्यासाठी मैदानावर स्वतंत्र खोली मिळावी यावरही घासाघीस झाल्याचे वृत्तपत्रांत आले होते. लोक त्यावर हसले. आम्ही हसलो नाही. रनिंग रूममध्ये पंखा हवा, पिण्याचे पाणी हवे, पलंगावर चादर धुतलेली हवी, यासाठी ज्यांनी बैठकीमागून बैठकी केल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की कराराच्या टेबलावर कुठलीही गोष्ट क्षुल्लक नसते.

याच महिन्याच्या आधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, जेद्दा शहरात आपल्या आयपीएलचा लिलाव झाला. त्यात ऋषभ पंतला लखनौने २७ कोटी रुपयांना घेतले. रक्कम काही लहान नाही. पण दोन्ही बातम्या शेजारी ठेवून पाहा. लिलावात मालक पाटी वर करतात, हातोडा पडतो आणि खेळाडूला कळते की आपण लखनौचे झालो. त्याने लखनौ निवडलेले नसते. अमेरिकेत मात्र सहा वर्षे भरलेला खेळाडू बसून राहतो आणि मालक फिरतात. हा फरक आपोआप पडला नाही. तिकडे खेळाडूंची मान्यताप्राप्त युनियन आहे, सामुदायिक करार आहे, तक्रार निवारणाची पद्धत आहे. इकडे खेळत असलेल्या क्रिकेटपटूंची वाटाघाटी करणारी मान्यताप्राप्त युनियनच नाही.

तिकडेही पूर्वी असे नव्हते. १८७९ साली क्लबमालकांनी आपसात ठरवून खेळाडू 'राखून' ठेवण्याची पद्धत सुरू केली. पुढे ती प्रत्येक कराराच्या कागदावर कलम म्हणून आली. आम्ही तिला राखीव कलम म्हणू. करार वर्षाचा. खेळाडूने पुढच्या वर्षी सही केली नाही तर क्लबाला तोच करार आणखी एक वर्ष चालू ठेवण्याचा अधिकार. त्या वाढीव वर्षाच्या करारातही तेच कलम आहे असे मालक म्हणत, म्हणजे पुन्हा एक वर्ष, आणि पुन्हा एक वर्ष. थोडक्यात, पहिली सही केली की खेळाडू आयुष्यभर त्या क्लबाचा. क्लबाने विकला तर ज्याने घेतला त्याचा. दुसरीकडे जावे म्हटले तर धंदाच सोडावा लागे. १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायदा लागू होत नाही असा निकाल दिला, त्यामुळे मालकांना कोर्टाचीही भीती उरली नाही.

आपल्यालाही बदलीचा हुकूम निघतो, हे कोणी म्हणेल. निघतो. परंतु आपण राजीनामा देऊन दुसऱ्या खात्यात किंवा कारखान्यात तेच काम करू शकतो. फिटर कुठेही फिटर असतो. बेसबॉलच्या फलंदाजाला राखीव कलमाने ती वाटही बंद होती.

१९६९ च्या ऑक्टोबरमध्ये सेंट लुइस कार्डिनल्सने कर्ट फ्लड या खेळाडूला फिलाडेल्फियाला देऊन टाकले. फ्लड कृष्णवर्णीय, वय ३१, बारा हंगाम सेंट लुइससाठी खेळलेला, पगार वर्षाला सुमारे ९० हजार डॉलर. त्या काळी ती मोठी रक्कम होती. त्याने जायला नकार दिला. २४ डिसेंबर १९६९ रोजी त्याने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहून कळवले की माझ्या इच्छेविरुद्ध विकत घ्यावी-द्यावी अशी मी मालमत्ता नाही. नव्वद हजार मिळवणारा माणूस गुलामीची भाषा करतो म्हणून त्याच्यावर टीका झाली. पगार चांगला असला तरी गुलाम तो गुलामच, असे त्याचे उत्तर होते.

खेळाडूंच्या युनियनने त्याला पाठिंबा देण्याचा ठराव एकमताने केला. युनियनचे प्रमुख मार्विन मिलर यांनी त्याला आधीच बजावले होते की तू बहुधा हरशील आणि तुझा खेळ संपेल. तो म्हणाला, पुढच्यांना उपयोग होईल ना? मग चालेल. तसेच झाले. १९७० चा पूर्ण हंगाम तो खेळला नाही. त्याचा खटला चालला तेव्हा खेळत असलेला एकही खेळाडू न्यायालयात येऊन बसला नाही. जॅकी रॉबिन्सनसारखे निवृत्त झालेले लोक मात्र साक्षीला आले. ठराव एकमताने होतो आणि दुसऱ्या दिवशी गेटवर हजेरी लावताना माणसे दिसत नाहीत, हा अनुभव कुठल्या सेक्रेटरीला नाही? १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी फ्लडविरुद्ध निकाल दिला.

कोर्टात हरलेली बाजू युनियनने कराराच्या टेबलावर कशी जिंकली, हा भाग आमच्या दृष्टीने सगळ्यात वाचनीय आहे. मार्विन मिलर हे बेसबॉलवाले नव्हते. ते पोलाद कामगारांच्या युनियनमध्ये अर्थतज्ज्ञ होते. १९६६ साली ते खेळाडूंच्या संघटनेत आले तेव्हा किमान पगार वर्षाला ६ हजार डॉलर होता. १९६८ साली पहिला सामुदायिक करार झाला आणि किमान पगार १० हजारांवर गेला. १९७० च्या करारात मिलर यांनी एक साधे दिसणारे कलम मिळवले: करारासंबंधीची तक्रार यापुढे मालकांनी नेमलेल्या आयुक्तांपुढे जाणार नाही, ती त्रयस्थ लवादापुढे जाईल. तेव्हा वृत्तपत्रांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. पगारवाढीची बातमी होते, तक्रार निवारणाच्या कलमाची होत नाही.

या कलमाचा पहिला झटका १९७४ साली बसला. ओकलंडचा गोलंदाज कॅटफिश हंटर याचा पगार एक लाख डॉलर होता आणि त्यातले निम्मे विम्याच्या वार्षिकीत भरायचे असे करारात लिहिले होते. मालक चार्ली फिन्ली यांनी ते भरले नाहीत. युनियनने तक्रार केली. लवाद पीटर साइट्झ यांनी निर्णय दिला की मालकाने करार मोडला, म्हणून हंटर मोकळा. मग उत्तर कॅरोलिनातल्या एका लहान गावी, त्याच्या वकिलाच्या कचेरीबाहेर, क्लबांच्या प्रतिनिधींची रांग लागली. ३१ डिसेंबर १९७४ रोजी यँकीजने त्याला पाच वर्षांसाठी ३० लाखांहून अधिक डॉलरला घेतले. खुल्या बाजारात खेळाडूची खरी किंमत काय, ते सगळ्या खेळाडूंना त्या दिवशी प्रथम कळले.

पुढची पायरी १९७५ ची. लॉस एंजलिसचा गोलंदाज अँडी मेसरस्मिथ याने मागणी केली की माझ्या संमतीशिवाय मला दुसरीकडे पाठवणार नाही असे करारात लिहा. क्लबाने नकार दिला, तेव्हा त्याने सही न करताच हंगाम खेळून काढला. मिलर यांचे म्हणणे असे की 'एक वर्ष' म्हणजे एकच वर्ष. ते संपले, आता हा मोकळा. पण त्यांना धास्ती होती की ऐनवेळी क्लब मेसरस्मिथपुढे मोठी रक्कम ठेवील, तो सही करील आणि तक्रारच निकालात निघेल. म्हणून जोडीला दुसरे नाव हवे होते. डेव्ह मॅकनॅली हा जुना गोलंदाज त्या वर्षी माँट्रियलचा करार सही न करताच, हंगाम अर्ध्यावर सोडून माँटानातल्या आपल्या गावी गेला होता. त्याला परत खेळायचेही नव्हते. त्याने तक्रारीत आपले नाव घालायला होकार दिला. मग माँट्रियलच्या अध्यक्षांनी त्याच्या गावी जाऊन सही करण्यासाठी रोख बोनस आणि सव्वा लाखाचा पगार देऊ केला. घरी बसलेल्या माणसाला एवढे पैसे कशासाठी, हे त्याला समजत होते. त्याने सही केली नाही.

२३ डिसेंबर १९७५ रोजी साइट्झ यांनी निर्णय दिला: एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. शंभर वर्षांच्या घरातली पद्धत एका कागदाने मोडली. निर्णयाआधी साइट्झ यांनी मालकांना सांगून पाहिले होते की तुम्ही बोलणी करून मिटवा. त्यांनी ऐकले नाही. निर्णय हाती येताच त्यांनी साइट्झ यांना लवादपदावरून काढले आणि कोर्टात धाव घेतली. १९७६ साली तिथेही हरले. आमच्या मते मेसरस्मिथ प्रसिद्ध झाला हे ठीक, परंतु मॅकनॅलीचा मान कमी नाही. त्याला या निर्णयातून एक पैसाही मिळणार नव्हता.

आता खेळाडू मोकळे झाले. फिन्ली यांनी इतर मालकांना सुचवले की सगळ्यांनाच दरवर्षी मोकळे सोडा. मिलर यांना याचीच भीती होती. दर हिवाळ्यात शेकडो खेळाडू एकदम बाजारात आले तर भाव पडणार, हे पोलाद कामगारांचे गणित करणाऱ्या माणसाला कोणी सांगायला नको. बाकीच्या मालकांनी फिन्ली यांची चेष्टा केली. १९७६ च्या करारात युनियनने आपण होऊन मर्यादा स्वीकारली: सहा वर्षांची सेवा झाल्यावरच मोकळीक. त्यामुळे दरवर्षी बाजारात थोडेच खेळाडू येतात आणि त्यांच्यासाठी चढाओढ होते. त्या वर्षीच्या पहिल्या तुकडीत रेगी जॅक्सन हा त्या काळचा सर्वांत गाजलेला दणकेबाज फलंदाज होता आणि तो यँकीजमध्ये गेला. "तो कुठे जाणार?" ही हिवाळ्यातली चर्चा खरी तिथून सुरू झाली. १९७६ साली सरासरी पगार सुमारे ५१ हजार डॉलर होता, तो १९८० साली एक लाख ४० हजारांच्या वर गेला.

कागदावर हक्क मिळाला म्हणजे हातात मिळाला असे होत नाही. त्याचा पुरावा १९८५ नंतरच्या तीन हिवाळ्यांत मिळाला. मालकांनी आपसात संगनमत केले: दुसऱ्याच्या मोकळ्या झालेल्या खेळाडूला कोणी बोली लावायची नाही. आंद्रे डॉसन हा माँट्रियलचा नामांकित फलंदाज १९८६ च्या हंगामानंतर मोकळा झाला. माँट्रियलचे मैदान कृत्रिम गवताचे होते, त्यावर धावून त्याच्या गुडघ्यांची चाळण झाली होती. त्याला शिकागोच्या खऱ्या गवतावर खेळायचे होते. पण एकही क्लब त्याला बोलवेना. शेवटी १९८७ च्या मार्चमध्ये त्याच्या एजंटाने शिकागो कब्जच्या सराव छावणीत जाऊन कोऱ्या रकमेचा करार पुढे ठेवला: आकडा तुम्हीच भरा, आम्ही सही करतो. क्लबाने पाच लाख डॉलर भरले, आदल्या वर्षीच्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास. त्या वर्षी डॉसनने ४९ होमरन मारले. क्लब आपल्या गटात शेवटचा आला, तरी नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. एवढ्या गुणाच्या माणसाला मिळाला तो अर्धा पगार. ज्यांना वाटते की आपल्यात कर्तबगारी असली की युनियनची गरज नाही, त्यांनी हा करार डोळ्यांपुढे ठेवावा.

युनियनने हे संगनमत कशाच्या आधारे उघडे पाडले, ते ऐकण्यासारखे आहे. १९६६ साली लॉस एंजलिसचे दोन गोलंदाज, सँडी कोफॅक्स आणि डॉन ड्रायसडेल, यांनी ठरवले की दोघे मिळून पगाराची बोलणी करायची, एकट्याने सही करायची नाही. मालक हादरले. पुढे करारात असे प्रकार बंद करावेत असा त्यांचा आग्रह होता. मिलर म्हणाले, हरकत नाही, पण कलम दोन्ही बाजूंना लागू करा: खेळाडूंनी एकत्र येऊन वैयक्तिक करार करायचे नाहीत आणि क्लबांनीही एकत्र येऊन ठरवायचे नाही. मालकांनी मान्य केले. तेच कलम त्यांच्या गळ्यात आले. लवादाचे निर्णय त्यांच्या विरुद्ध गेले आणि १९९० साली त्यांना २८ कोटी डॉलर भरपाई देऊन तडजोड करावी लागली. आम्ही बैठकीला जाणाऱ्या आमच्या तरुण प्रतिनिधींना नेहमी सांगतो की समोरच्याने मागितलेले कलम वाचताना ते उलट फिरवूनही वाचा.

संपांची हकिगत लांबवत नाही. १९७२ साली पेन्शनसाठी, १९८१ साली ५० दिवस फ्री एजन्सीच्या मुद्द्यावर आणि १९९४-९५ साली २३२ दिवस असे संप झाले. शेवटच्या संपात १९९४ ची वर्ल्ड सिरीजच रद्द झाली. १९९५ च्या वसंतात मालकांनी बदली खेळाडू उतरवून हंगाम रेटण्याची तयारी केली. संपकऱ्यांच्या जागी दुसरे आणून गाडी चालवायची हा प्रकार १९७४ च्या रेल्वे संपात आपल्या थोरांनी प्रादेशिक सेनेच्या रूपाने पाहिला आहे. अमेरिकेत न्यायाधीश सोनिया सोटोमायर यांनी ३१ मार्च १९९५ रोजी मालकांना मनाई हुकूम दिला आणि जुन्या कराराच्या अटी पुन्हा लागू झाल्या.

१९८१ चा संप फ्री एजन्सीतल्या भरपाईवर होता. मोकळा झालेला खेळाडू घेणाऱ्या क्लबाने जुन्या क्लबाला काय द्यायचे, हा प्रश्न. तो वेगळ्या रूपात अजून शिल्लक आहे. पीट अलोन्सो या न्यूयॉर्क मेट्सच्या फलंदाजाचे पाहा. २०१९ साली पहिल्याच हंगामात ५३ होमरन मारलेला हा माणूस २०२४ च्या अखेरीस मोकळा झाला. मेट्सने नियमाप्रमाणे त्याला एक वर्षासाठी २ कोटी १० लाखांच्या आसपास देऊ केले, ते त्याने नाकारले. नियम असा की असे नाकारलेल्या खेळाडूला जो नवा क्लब घेईल, त्याला नवोदितांच्या निवडीतला आपला वाटा गमवावा लागतो. साहजिकच बाकीचे क्लब हात आखडतात. अलोन्सो हिवाळाभर थांबला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा मेट्सकडेच, दोन वर्षांच्या ५ कोटी ४० लाखांच्या करारावर, पहिल्या वर्षानंतर सुटण्याची मुभा राखून परतला. पुढच्या हिवाळ्यात तो सुटला. असा प्रस्ताव एका खेळाडूला आयुष्यात एकदाच देता येतो, त्यामुळे या वेळी त्याच्या पाठीवर ते ओझे नव्हते. डिसेंबर २०२५ मध्ये बाल्टिमोरने त्याला पाच वर्षांसाठी १५ कोटी ५० लाखांना घेतले. मधल्या हंगामात तो चांगला खेळला हेही खरे, ३८ होमरन मारले. पण ओझ्याचा भाग विसरून चालणार नाही. आपल्याकडे स्वतःच्या विनंतीवरून बदली घेतली की नव्या युनिटात सेवाज्येष्ठतेच्या यादीत तळाला जावे लागते. कोकणातल्या आपल्या आई-बापांजवळ जाण्यासाठी किती जणांनी बॉटम सिनिऑरिटीच्या कागदावर सह्या केल्या आहेत! जायचे तर जा, पण किंमत मोजून, असा दोन्हीकडे खाक्या आहे. रकमांची तुलना अर्थातच आम्ही करीत नाही.

आता आमच्याच सहकाऱ्यांचा आक्षेप. वर्षाला पाच कोटी डॉलर घेणारा कसला कामगार? त्याला कशाला आपला म्हणायचे? आक्षेप वावगा नाही. सोतोच्या घरी चूल पेटायची अडचण नाही. परंतु तिकिटाचे, दूरदर्शनच्या हक्कांचे, टोप्या-सदऱ्यांचे पैसे खेळावर जमा होतातच. ते खेळणाऱ्याने घेतले नाहीत तर मालकाकडे राहतील. तिकीट स्वस्त होईल अशा भ्रमात कोणी राहू नये. १९७५ पूर्वी खेळाडू स्वस्त होते, तेव्हा मालकांनी उरलेले पैसे काही प्रेक्षकांना वाटले नाहीत. आणि या युनियनने किमान पगाराकडेही दुर्लक्ष केलेले नाही. १९६६ चे ६ हजार कुठे आणि २०२६ सालासाठी ठरलेला ७ लाख ८० हजारांचा किमान पगार कुठे. महागाई धरली तरी ही वाढ प्रचंड आहे, आणि ती ताऱ्याला नव्हे, नव्या खेळाडूला मिळालेली आहे.

आमची खरी तक्रार दुसरी आहे. वरच्या लीगच्या खाली लहान लीगची उतरंड असते. तिथे हजारो पोरे वर येण्याच्या आशेने खेळतात, आणि डॉमिनिकनसारख्या देशांतून सोळाव्या वर्षी सही केलेली मुले बहुतेक तिथेच संपतात. ही पोरे अनेक दशके युनियनच्या बाहेर होती. वरच्या टप्प्यावर कोट्यवधींचे करार होत असताना तळाच्या लीगमधल्या मुलाला वर्षाला ४,८०० डॉलर मिळत. २०१८ साली अमेरिकेच्या संसदेने कायदा करून त्यांना किमान वेतन आणि ओव्हरटाइमच्या संरक्षणातून बरेचसे वगळले. फ्लडचा वारसा सांगणाऱ्या युनियनने त्यांना आपल्यात घ्यायला सप्टेंबर २०२२ उजाडला. त्या वेळी पाच हजारांहून अधिक खेळाडू एकदम सभासद झाले, आणि ३१ मार्च २०२३ ला त्यांचा पहिला करार मंजूर झाला: तळाचे ४,८०० चे १९,८०० झाले, वरच्या पायरीचे १७,५०० चे ३५,८०० झाले. सहा महिन्यांत हे झाले. म्हणजे आधीच्या पन्नास वर्षांतही होऊ शकले असते.

हे लिहिताना आम्हाला आपल्याच टपाल कचेऱ्या आठवतात. त्याच गावात, त्याच टपालाच्या पिशव्यांवर, एक खात्याचा कायम कर्मचारी आणि एक ग्रामीण डाक सेवक राबत असतो. स्टेशनवर कायम सफाईवाला गेला आणि ठेकेदाराची माणसे आली. त्यांची किती नावे आपल्या सभासद नोंदवहीत आहेत, ते प्रत्येक शाखेने या महिन्यात उघडून पाहावे आणि आकडा आमच्याकडे पाठवावा.

राहिला पुढचा हिशेब. मार्च २०२२ मध्ये ९९ दिवसांच्या टाळेबंदीनंतर झालेल्या कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ पर्यंतची आहे. सोतोच्या आकड्याने बेजार झालेल्या मालकांपैकी काहीजण उघडपणे म्हणत आले आहेत की क्लबाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा घाला. अमेरिकेतल्या बाकीच्या मोठ्या खेळांत ती आहे, बेसबॉलमध्ये नाही. इथे ठराविक रकमेवर खर्च केला तर फक्त कर भरावा लागतो. मर्यादा आली तरी फ्री एजन्सीचे कलम कागदावर तसेच राहील. फलंदाज मोकळाही होईल, क्लब त्याच्याशी बोलतीलही, फक्त बहुतेकांच्या थैलीचे तोंड आधीच बांधलेले असेल. १९९४ साली मालकांनी हीच मर्यादा मागितली होती आणि ते २३२ दिवस खेळाडू घरी बसले होते ते त्याचसाठी.